जुन्या शिडाच्या बोटीचं इंजिन कंट्रोल : दुरुस्ती की अख्खं नवं?
(बोलणाऱ्यांची नावं म्हणजे नागपुरातले भाग.)

वर्धा रोड
मुद्दा सरळ मांडतो. बोट १९८० च्या दशकातली, तीसेक फुटी. दोन सिलिंडरचं डिझेल, हर्थ कंपनीचा एचबीडब्ल्यू गिअरबॉक्स, कॉकपिटमध्ये गिअर आणि थ्रॉटल मिळून एकच लिव्हर. लिव्हर जड झालाय, रिव्हर्स उशिरा धरतो. माझं मत : हेड (लिव्हर बसतो तो डबा), दोन्ही केबल, पिना, क्लिपा, सगळं नवं टाका. बोट कोकणातल्या खाडीत आणि मालक नागपुरात असेल तर "साफ करून बघू" परवडत नाही. समृद्धीचे ७०१ किलोमीटर संपले तरी खाडी पुढेच राहते. पावसाळ्यात बोट वर ओढलेली असताना एकदाच काम उरकावं.

हिंगणा लेथ
केबल बदला, हाव. पण हेड काहून फेकून राहिले भाऊ? आधी दोष कुठं हाय ते तर पहा. इंजिन बंद ठेवा, गिअरबॉक्सकडची स्प्लिट पिन काढून केबल सोडा. गिअरबॉक्सचा आर्म (बाहेरचा दांडा) हातानं पुढं-मागं करा. मोकळा चालला तं दोष गिअरबॉक्समध्ये नाई. मग हेडकडून पण केबल सोडा आणि नुसता लिव्हर फिरवा. शेवटी दोन्ही टोकं मोकळी असलेली केबल हातानं ओढा-ढकला. दहातल्या आठ वेळा केबलच अडते. एंड रॉडचं रबर सील फाटतं, खारं पाणी आत जाते, इनर (आतली तार) गंजतो. वरचं प्लॅस्टिक कुठं फुगलं किंवा चिरलं दिसलं का समजा खेळ संपला.

हेडमध्ये झिजते काय, तं बुश (दांडा फिरतो त्या छोट्या नळ्या). नायलॉनचे असतात. बॅगेत टाकून नागपूरला आणा, एमआयडीसीत कुठल्याही लेथवर करून भेटतात. फक्त नायलॉनच्या रॉडमधून करू नका, नायलॉन पाणी पिते आणि फुगते, मग नवा लिव्हर जुन्याहून जड. डेलरिन घ्या, ते प्लॅस्टिक पाणी फारसं पीत नाई.

त्रिमूर्तीनगर
केबल तरी लगेच का बदलायची? वरच्या टोकाला प्लॅस्टिकची नरसाळी बांधून, उभी टांगून रात्रभर पातळ तेल सोडलं की स्कूटरची क्लच केबल मोकळी होते. तीच युक्ती इथे करून बघावी.

वर्धा रोड
ही युक्ती इथे लावू नका. स्कूटरची केबल फक्त ओढते, ही ओढते आणि ढकलतेही. म्हणून हिचा आऊटर (बाहेरचं आवरण) स्प्रिंगसारखा गुंडाळलेला नसतो, लांबीच्या दिशेने पोलादी तारा असतात आणि आत प्लॅस्टिकचा लायनर. कंपनीतूनच सील होऊन येते. तेल घातलं की आतला गंज तेलात कालवून त्याची लापशी होते. आठवडाभर मऊ चालते, मग नेमकी जेट्टीला लागताना अडकते. घाट रोडच्या दुकानांतून स्कूटरची तार आणून जोडण्याचा विचारही नको.

हिंगणा लेथ
इथं मी वर्धा रोडवाल्यांसंगं. तेल चालते ते फक्त इंजिन बंद करायच्या साध्या ओढायच्या केबलला.

धंतोली
तुम्ही दोघं हेडवर भांडताय, पण रिव्हर्स उशिरा धरण्याचं कारण मिलिमीटरमध्ये आहे. एचबीडब्ल्यूला न्यूट्रलपासून प्रत्येक बाजूला आर्मच्या बाहेरच्या भोकावर किमान ३५ मिमी हालचाल लागते, आतल्या भोकावर किमान ३० मिमी. ३३सी, म्हणजे बोटींच्या या नेहमीच्या मापाच्या केबलचा एकूण प्रवास ३ इंच, म्हणजे ७६ मिमी. न्यूट्रल मधोमध, म्हणून अर्धा केला की प्रत्येक बाजूला ३८. बाहेरच्या भोकावर पिन असेल तर हातात शिल्लक राहतात ३ मिमी. बुशची झीज आणि केबलच्या प्रत्येक वळणावरचा ढिलेपणा मिळून ते ३ मिमी सहज खातात. जास्त हालचालीने गिअरबॉक्सचं काही बिघडत नाही. कमी पडली तर क्लच घसरतो, तापतो, झिजतो.

म्हणून आधी पट्टी लावून मोजा. कमी भरलं तर पिन आतल्या भोकात घ्या, शिल्लक ८ मिमी होते. न्यूट्रलमध्ये केबल आणि आर्म यांच्यात काटकोन हवा, नाहीतर एका बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला तुटपुंजं मिळतं. बहुतेक "खराब रिव्हर्स" तिथेच सापडतात. आर्म आणि त्याखालच्या झाकणात अर्धा मिमी फट असावी. त्या झाकणाचे स्क्रू मात्र कुणीही ढिले करू नयेत. त्याची जागा कारखान्यात बसवून दिलेली असते, ती हलली की क्लच बिघडतो.

वर्धा रोड
मोजमाप पटलं. तरी हेडबाबत मी ठाम आहे. बॉडी अल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेसचे, मध्ये पांढरी भुकटी. उघडताना दोनपैकी एक तरी स्क्रू तुटतो. जुन्या मॉडेलची आतली कॅम, दातेरी चकती कुठे मिळते? ३३सी हे मापच सगळीकडे चालतं, नव्या हेडला तीच केबल बसते.

हिंगणा लेथ
केबल बसते, भोक नाई बसत. नव्या हेडचा साचा वेगळा, म्हणजे कॉकपिटच्या भिंतीतलं जुनं भोक बुजवा, प्लेट लावा, सील करा. तिथून पाणी शिरलं तं आतलं लाकूड सडते. आणि स्क्रूचं म्हणाल तं आधी गरम हवा, पेनिट्रेटिंग तेल, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. तुटलाच तं ड्रिल मारून हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवा. उघडायच्या आधी फोटो काढा, कारण दातेरी चकती एक दात इकडं-तिकडं झाली का फॉरवर्ड-रिव्हर्स असमान होते. न्यूट्रलच्या खटक्याची स्प्रिंग आणि गोळी उडून जाते, म्हणून हेड मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवून उघडा. पण कॅमच झिजून खड्डा पडला असंल तं मी पण नवं घ्या म्हणीन.

सिव्हिल लाइन्स
इलेक्ट्रॉनिक लिव्हर बसवा, केबलची कटकटच नाही.

धंतोली
कटकट इंजिनजवळ सरकते, संपत नाही. जुन्या यांत्रिक इंजिनला ॲक्च्युएटर (केबल हलवणारं विजेचं यंत्र) लागतो आणि त्याच्यापासून इंजिनपर्यंत तीच केबल. वर १२ व्होल्टवर अवलंबून. बॅटरी बसली की गिअर गेला. तीस फुटी बोटीला हा उपद्व्याप नको.

केबल मागवणाऱ्यांसाठी : जुनी काढण्यापूर्वी तिच्याच वाटेने दोरी टाकून मोजा. फुटात मिळते, पुढच्या पूर्ण फुटाची घ्या. वळणाची त्रिज्या २०० मिमीच्या खाली नको, एक्झॉस्टला चिकटू देऊ नका. जुनी केबल ओढताना मागे दोरी बांधा, तीच नवीला ओढून घेते. टोकाचे आटे १०-३२ या इंची मापाचे असतात. त्यावर एम५ चा (५ मिमीचा मेट्रिक) नट चढतो आणि बसल्यासारखा वाटतो, पण तो सैल असतो आणि जोर आला की आटे सोलतो. बॉल जॉइंट १० मिमी तरी आत फिरवा, मग चेकनट आवळा.

वर्धा रोड
एम५ चं लक्षात ठेवण्यासारखं आहे. थ्रॉटलचं राहिलं : लिव्हर न्यूट्रलला आणला की इंजिनवरचा आर्म आयडलच्या स्क्रूला टेकलाच पाहिजे, पुढे पूर्ण ढकलला की वरच्या स्टॉपला. यात कमी-जास्त असेल तर केबलच्या टोकावर जुळवा, स्क्रूंना हात लावू नका. हेड नवंच घ्या, यावर मी अजून आहे.

हिंगणा लेथ
घ्या भाऊ. जुनं आमच्याकडं पाठवून द्या.