स्नोडेनची डॉक्युमेंटरी पाहिली, मला तर तो गद्दार नाही वाटला. तुम्हाले?

फुटाळाकाठ:
रविवारी ४५ च्या उन्हात बाहेर निघायची सोय नव्हती म्हणून कूलरसमोर पडून सिटिझनफोर पाहिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन नावाचा २९ वर्षांचा पोट्टा अमेरिकेच्या एनएसए या हेरगिरी संस्थेचं कंत्राटी काम करता करता, सरकार लोकांच्या फोनवर कशी पाळत ठेवते त्याचे तिथले गुपित कागद घेऊन हाँगकाँगला गेला आणि हॉटेलच्या खोलीत पत्रकारांना दाखवले, अन् ही डॉक्युमेंटरी करणारी लॉरा पॉइट्रस कॅमेरा घेऊन तिथंच होती, म्हणजे नट घेऊन नंतर केलेलं नाही, घडतंय तेच दिसतं. पासवर्ड टाकायचा तर हा डोक्यावरून कापड ओढून घेतो, आपण सर्दीत वाफ घेतो ना अगदी तसा. मला हसूच आलं. मग हॉटेलचा फायर अलार्म वाजतो, सगळे एकमेकांकडे पाहून राहिले, तेव्हा नाही आलं.
माझं म्हणणं एवढंच की त्यानं कागद पत्रकारांच्या हाती दिले, काय छापायचं ते तुम्ही ठरवा म्हणाला, आणि वर स्वतःचं नावही सांगितलं. पैसे घेऊन विकणारा असं करते का?

सक्करदरा_एक्सप्रेस:
मग रशियात काहून जाऊन बसला बे? २०२२ मध्ये तिथलं नागरिकत्वही घेतलं. गुपित ठेवीन म्हणून सही करून पगार उचलायचा अन् मग तत्त्व आठवायचे. आणि कागद फक्त अमेरिकन लोकांच्या फोनबद्दल नव्हते, बाहेरच्या देशांवरच्या हेरगिरीचेही होते, ते तर कोणताही देश करतेच.

फुटाळाकाठ:
भाऊ, त्याचा पासपोर्ट अमेरिकेनंच रद्द केला, मॉस्कोच्या विमानतळावर महिन्याच्या वर अडकून होता. नागरिकत्वाचं मलाही खटकते, ते मान्य.

धरमपेठवाली:
ते बाहेरच्या देशांचं म्हणता ना, त्याच कागदांत आपणही होतो की! मार्च २०१३ च्या एका महिन्यात भारतातून ६३० कोटी नोंदी गोळा केल्याचं गार्डियन या ब्रिटिश पेपरनं छापलं होतं, आपला नंबर पाचवा. तेव्हा आपल्याकडे कोणाला फार राग आला असं काही आठवत नाही बाबा. आणि इथं कोणी असं केलं असतं तर? सत्येंद्र दुबेंनी हायवेच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून लिहिलं होतं, २००३ मध्ये गयेत खून झाला. असा भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये पास झाला, पण वर्षानुवर्षं लागूच केला नाही.

सक्करदरा_एक्सप्रेस:
दुबेंची गोष्ट वेगळी ताई, तो चोरी सांगत होता. इथं सरकार अतिरेकी शोधून राहिलं. ऐकेना का माझा फोन, माझ्यापाशी लपवायला काय आहे? बायकोचा फोन अन् दुधाचा हिशोब.

तर्री_जास्त:
लपवायला नाही म्हणतोस? श्रावणात आमच्या घरी सावजीचं पार्सल आलं ते सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिसलं, अन् गणपतीच्या मीटिंगमध्ये वर्गणीच्या विषयावर आमच्या सेक्रेटरीनं ते काढलं. कॅमेरा चोरासाठी लावला होता म्हणे 😂 चोर एकही सापडला नाही, मटण सापडलं.

रिटायर्ड_ऑपरेटर:
मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो, ट्रंक कॉलच्या काळात, म्हणजे बाहेरगावचा फोन ऑपरेटर जोडून द्यायचा तेव्हा. कॉलचे प्रकार असायचे, ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग, तरुण मंडळींना हे शब्दही माहीत नसतील. लाइन नीट लागली का बघायला कानाला हेडफोन असायचाच, तीन मिनिटं झाली की मध्ये बोलावं लागे, त्यामुळे ऐकू यायचंच, इलाज नव्हता. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं दुकान बसलं, सगळं कानावरून गेलं. पण बाहेर एक शब्द काढला नाही, घरी सौ.लाही नाही. नोकरीत भरवसा हीच एक गोष्ट असते, तुमच्या या मुलानं तीच मोडली. म्हणून मला त्याचं कौतुक नाही.

धरमपेठवाली:
काका, नमस्कार. पण तुम्ही सांगितलं नाही ते लोकांचं गुपित. त्यानंही कोण कोणाशी काय बोललं ते नाही सांगितलं, त्यानं ऐकणाऱ्याचं सांगितलं. तुमच्या वेळी ट्रंक कॉल लावणाऱ्याला मध्ये ऑपरेटर आहे हे ठाऊक तरी होतं, जपूनच बोलायचे लोक. इथं कोर्टाचा गुप्त आदेश आणि व्हेरायझन या अमेरिकन फोन कंपनीच्या लाखो गिऱ्हाइकांच्या कॉलची नोंद रोजच्या रोज सरकारजमा. कोणी कोणाला कधी लावला, किती वेळ बोलला, सगळं. ते तीन मिनिटं झाली म्हणून मध्ये बोलणारंही कोणी नाही.

सक्करदरा_एक्सप्रेस:
नोंदच होती ना, बोलणं थोडीच ऐकलं.

तर्री_जास्त:
कोणाले किती वाजता फोन लावला एवढंच बायकोले दाखवून पाहा, मग सांग 😄

रिटायर्ड_ऑपरेटर:
ताई, तुमचा मुद्दा ऐकणाऱ्याचा, तो बरोबर आहे. आमच्याकडेही कधी वरून निरोप यायचा, अमुक नंबर लागला की कळवा. का, कशासाठी, विचारलं नाही. कळवायचो. ते नंबरवाले कोण होते, अजून मला माहीत नाही. सिनेमा पाहीन म्हणतो, मुलगा रविवारी लावून देईल. सही केलेली मोडणं तरी पटत नाहीच.