मदत हवी आहे: तिखट जर्कीसाठी (मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्यांसाठी) मिरची कोणती घेऊ?

टेक्सासला मावसबहिणीकडे हाबानेरो मिरचीची बीफ जर्की खाल्ली. आधी धुराचा स्वाद, मग फळासारखा वास आणि तिखट अगदी उशिरा, थेट घशाशी. फारच आवडली! मुंबईत २०१५ पासून गोवंशबंदी, म्हणून म्हशीच्या मांसाची करणार आहे. लालबागच्या मिरची गल्लीतून काय आणू? ब्याडगी रंगाला छान पण तिखट कमी, लवंगी जिभेवर टेकताच भडकते. भूत जोलोकिया हाबानेरोच्या जवळची, पण अर्धा किलोला किती घालावी?

मांस आधी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मगच वाळवायचं, हे पक्कं. पावसाळ्यात उन्हाचा प्रश्नच नाही, ओव्हनच वापरेन. चरबी काढून पातळ काप करून देणारा खाटीक वांद्रे-माहीमकडे कुणाला माहीत आहे का?