सर्फमधली रिदम गिटार

सर्फ म्हणजे साठच्या दशकातलं कॅलिफोर्नियाचं गिटारप्रधान संगीत. त्यात सगळी मजा लीडच्या, म्हणजे सूर वाजवणाऱ्या गिटारच्या, रिव्हर्बमध्ये (घुमणाऱ्या आवाजात) आहे, रिदमवाला नुसता कॉर्ड भरतो, असं म्हणतात. हे मत मला अजिबात पटत नाही. व्हेंचर्स बँडचं १९६० चं 'वॉक, डोन्ट रन' ऐका. सूर बॉब बोगलचा, पण गाणं पुढे रेटतो तो डॉन विल्सनचा उजवा हात. सुरुवातीची ए मायनर, जी, एफ, ई ही उतरण नुसती स्ट्रम करून पाहा, लगेच मिळमिळीत होते.

सर्फच्या ठेक्यात स्नेअर ड्रमचा ठोका बहुतेकदा दुसऱ्या मात्रेवर, लगेच पुढच्या अर्ध्या मात्रेवर आणि मग चौथीवर पडतो. पिक आठही अर्धमात्रांवर चालू ठेवायची, मात्रेवर खाली, मधे वर. कॉर्ड मात्र स्नेअरच्या ठोक्यांवरच वाजू द्यायची. बाकी वेळ डाव्या हाताची बोटं तारांवरून न उचलता सैल सोडायची. तळहाताची कड अगदी ब्रिजवर टेकवा. बोटभर पुढे सरकली की सूर मरतो, नुसता ठक्क आवाज उरतो.

आणि रिदमला रिव्हर्ब जवळपास नकोच. सर्फ लीडचा ओळखीचा पाण्यासारखा टपटप आवाज येतो तळहाताने दाबलेल्या तारेवरच्या कडक पिकमुळे, रिव्हर्बमधल्या स्प्रिंगला झटका बसतो म्हणून. फेंडरच्या वेगळ्या रिव्हर्ब युनिटवर ड्वेल (स्प्रिंगकडे किती जोरात आवाज जातो ते ठरवणारं बटण) वाढवला की हा झटका वाढतो. त्याच वेळी रिदमही भिजलेली असेल, तर दोन्हींच्या घुमत विरणाऱ्या शेपट्या एकमेकींत मिसळतात आणि टपटप ऐकूच येत नाही. फेंडरची जॅझमास्टर गिटार वापरणार असाल तर ११ च्या खालचा (सर्वांत बारीक तार ०.०११ इंचापेक्षा बारीक असलेला) तारांचा सेट लावू नका, जोरात वाजवताना तारा ब्रिजवरच्या सॅडलच्या खाचेतून उडतात.