रोडमॅप दाखवता, मग तो बदलल्याचंही तितक्याच ठळकपणे सांगा

रानवारा

जानेवारी २०२० मध्ये गूगलने सांगितलं, क्रोम ब्राउझरमधल्या थर्ड पार्टी कुकीज (तुम्ही कुठल्या साइटवर जाता याचा माग जाहिरातवाल्यांना काढू देणाऱ्या नोंदी) दोन वर्षांत बंद करू. मग मुदत २०२३ वर गेली, तिथून २०२४, तिथून २०२५. जानेवारी २०२४ मध्ये १ टक्का वापरकर्त्यांसाठी त्या चाचणी म्हणून बंदही केल्या. जुलैमध्ये मात्र बंद करण्याचा बेतच सोडून दिला. त्याऐवजी वापरकर्त्याला निवड करायला सांगणारी खिडकी येणार होती, एप्रिल २०२५ मध्ये तीही येणार नसल्याचं कळलं. दरम्यान जाहिरात आणि ॲनालिटिक्सवाल्यांनी पर्यायी व्यवस्था उभारण्यात किती मेहनत घातली असेल!

तरीही मी म्हणेन की बेत आधी सांगितलेच पाहिजेत. ज्यांचं काम तुमच्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्यांना पुढच्या वर्षाची तयारी करायची असते. मायक्रोसॉफ्ट ३६५ या ऑफिस सॉफ्टवेअरचा रोडमॅप, म्हणजे पुढे काय येणार याची यादी, उघडा: प्रत्येक फीचरला क्रमांक आहे, काम कुठवर आलंय ते लिहिलेलं आहे, अंदाजे महिना आहे. महिना बदलला तर तिथे दिसतो. प्रोग्रामरचा कोड ठेवणाऱ्या गिटहबनेही २०२० पासून आपला रोडमॅप खुला ठेवलाय. बाकीच्यांना काय अडचण आहे?

केदार_पुणे

असहमत. मी प्रॉडक्ट टीममध्ये बरीच वर्षं काढली आहेत. अंदाजे महिना लिहिला की 'अंदाजे' कुणी वाचत नाही. सेल्सवाले तो ग्राहकाला सांगतात, ग्राहक तो करारात लिहून घेतो, आणि मग अर्धवट फीचर त्या तारखेला ढकलावं लागतं. त्याचे बग पुढे कितीतरी महिने पुरतात.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने लाँगहॉर्न (पुढे व्हिस्टा नावाने आलेलं विंडोज) दाखवताना विनएफएस नावाची नवी साठवणव्यवस्था मोठ्या थाटात मांडली होती. ऑगस्ट २००४ मध्ये ती वगळावी लागली. व्हिस्टा लोकांच्या हातात आलं जानेवारी २००७ मध्ये. ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये एअरपॉवर चार्जर दाखवला आणि मार्च २०१९ मध्ये रद्द केला. आणि ऑस्बोर्न ही संगणक कंपनी तर सगळ्यांना माहीत आहे: पुढचं मॉडेल आधी जाहीर केलं, चालू मॉडेलची विक्री थांबली, १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. तयार झालं की दाखवा, त्याआधी नको.

अनुस्वार

ऑस्बोर्नचं उदाहरण इतकं सरळ नाही. त्या काळात कायप्रो हा प्रतिस्पर्धी संगणक बाजारात आला होता. त्याचा पडदा ९ इंची, ऑस्बोर्नचा ५ इंची. गिऱ्हाईक तिकडे वळायला तेवढंही पुरेसं होतं. सगळा दोष घोषणेवर टाकता येत नाही, यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय.

हिशेबनीस

तुम्ही दोघं नवीन काय येणार यावर भांडताय. माझं हिशेबाचं ऑफिस आहे. मला नवीन फीचरची घाई नसते. जुनं काय जाणार ते मला सहा महिने आधी हवं असतं.

आम्ही वापरत असलेल्या एका पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरने ऐन मार्चएंडला एक एक्सपोर्ट (आकडे फाइलमध्ये बाहेर काढायची सोय) काढून टाकला. अपडेटच्या माहितीत 'रिपोर्ट विभागात सुधारणा' एवढंच होतं. त्या एक्सपोर्टवर आमच्या पाच-सहा क्लायंटचं काम होतं. पोरं रात्री बसून हाताने आकडे भरत होती. यात व्यापारी गुपित कुठलं होतं?

कंपन्यांच्या हिशेबात ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची नोंद) ठेवण्याचा नियम आला तेव्हा सरकारनेसुद्धा तारीख दोनदा पुढे नेली आणि शेवटी १ एप्रिल २०२३ पासून लागू केला. पण दर वेळी अधिसूचना निघाली. पुढे ढकललं याचा त्रास नव्हता, आम्हाला कळत होतं.

केदार_पुणे

हिशेबनीस, हे शंभर टक्के मान्य. काढून टाकण्याची तारीख ही अंदाजाची गोष्टच नाही, ती पूर्णपणे कंपनीच्या हातात असते. पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचं बघा. आधी २०१५ मध्ये थांबवायचं होतं. लोकांचा कोड बदलून होणार नाही हे दिसल्यावर २०१४ मध्येच २०२० ची तारीख दिली आणि ती पाळली.

नव्या फीचरबद्दल मात्र माझं मत तेच. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, दर नऊ-दहा आठवड्यांनी येतं. जे तयार असेल ते आत, नसेल ते पुढच्या गाडीने. लिनक्सवरच चालणारं उबंटूही दर एप्रिल आणि ऑक्टोबरला येतं. तारीख आधी ठरलेली, आत काय असेल ते कामावर अवलंबून. फीचरला तारीख चिकटवायची नाही.

रानवारा

कर्नल कुणी जाहिरात करून विकत नाही, केदार. जून २०२४ मध्ये ॲपलने सिरी या आवाजी मदतनीसाची नवी क्षमता दाखवली, आयफोन १६ च्या जाहिरातींत ती झळकली, आणि मार्च २०२५ मध्ये उशीर होणार असं सांगितलं. लोकांनी फोन आधीच घेतले होते. जे दाखवून पैसे घेतले ते आश्वासनच. तिथे 'आम्ही अंदाज सांगितला होता' हे चालणार नाही. बेत कोलमडला याचा राग मला नाही. मंचावरून केलेली घोषणा एखाद्या पत्रकाराला पाठवलेल्या निवेदनातून मागे घेतली जाते, याचा आहे.

केदार_पुणे

तयार नसलेलं विकताना दाखवू नये, हे मान्य. पण म्हणूनच म्हणतो की आधी दाखवूच नका.

हिशेबनीस

आणखी एक. कंपन्या म्हणतात, आम्ही ई-मेल पाठवला होता. तो जातो ॲडमिनला. छोट्या ऑफिसांत ॲडमिन खातं बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या माणसाच्या नावावर असतं, आणि तो कधीच दुसरीकडे गेलेला असतो. जे बटण जाणार आहे त्या बटणाशेजारीच तारीख लिहा. रोज ते दाबणारी माझ्या ऑफिसातली मुलगी तिथे बसलेली असते, तिला दिसेल.