अस्वच्छ जागेत बनवलेला माल विकला तर शिक्षा काय? (सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

मोहिते वहिनी: भडंग, फरसाण घाणेरड्या जागेत बनवून विकणारा नुसत्या दंडावर सुटतो का?

ॲड. शिंदे: कलम कुठलं लागतं त्यावर आहे, वहिनी. कायदा अन्न सुरक्षा व मानके, 2006. जागा अस्वच्छ एवढंच सिद्ध झालं तर कलम 56, 1 लाखापर्यंत दंड, तुरुंग नाही. मालात खडा, केस निघाला तर कलम 54, तिथंही तेवढाच. पण माल ‘असुरक्षित’ ठरला की कलम 59 आणि खटला कोर्टात. कुणाला काही झालं नसलं तरी 3 महिन्यांपर्यंत कैद नि 3 लाखांपर्यंत दंड (2023 च्या जनविश्वास कायद्याआधी 6 महिने नि 1 लाख होतं). इजा झाली तर 1 वर्ष, 3 लाख. गंभीर असेल तर 6 वर्षं, 5 लाख. माणूस दगावला तर किमान 7 वर्षं ते जन्मठेप, दंड किमान 10 लाख.

आणि हे नीट वाचा: अस्वच्छ जागेत बनल्यामुळे आरोग्याला अपायकारक झालेलं किंवा अळ्या-किडे पडलेलं अन्न ‘असुरक्षित’च्या व्याख्येतच बसतं. म्हणून तक्रारीत ‘अस्वच्छता आहे’ एवढ्यावर थांबू नका, मालात काय दिसलं ते लिहा.

कुलकर्णी काका: पाकीट नेऊन दाखवलं की पुरे ना?

सुर्वे (बी विंग): नाही काका, तिथंच तक्रार ढिली पडते. फोडलेलं पाकीट दाखवलं की दुकानदार म्हणतो, किडे तुमच्या घरी लागले. त्याच बॅचचं बंद पाकीट आणि बिल जपा. बॅच नंबर, 14 अंकी परवाना क्रमांक यांचे फोटो काढा. मग अन्न व औषध प्रशासनाला 1800222365 वर कळवा. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातूनच नमुना घेऊन चार भागांत सील करतात. एक भाग विश्लेषकाकडे जातो, त्यानं 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. कलम 40 खाली आपणही तपासून घेऊ शकतो, मात्र ‘तपासणीसाठी घेतोय’ हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. फी आपली, दोष निघाला तर परत मिळते.

मोहिते वहिनी: आजारी पडलेल्याला भरपाई?

ॲड. शिंदे: कलम 65. मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत, बाकी इजेला 1 लाखापर्यंत. त्यासाठी डॉक्टरांच्या केसपेपरवर काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, उलट्या-जुलाब कधी सुरू झाले हे त्याच दिवशी लिहून घ्या. नुसतं ‘गॅस्ट्रो’ लिहिलेल्या कागदावरून त्या पाकिटाशी संबंध जोडता येत नाही.