जुनी काडतुसं: भरवसा किती वर्षं धरायचा, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात ठेवायची कशी?

यावल_शिवार

राम राम मंडळी. वडिलांची दुनळी बारा बोअर आणि पॉइंट ३१५ रायफल रीतसर माझ्या लायसनवर चढली आहे, काडतुसांचीही नोंद आहे. प्रश्न काडतुसांचा आहे. बारा बोअरची ३० कागदी, २५ प्लास्टिकची. ३१५ ची २०. कागदी किती जुनी, खोक्यावरचं वर्ष पुसल्यामुळे कळत नाही. काही चामडी पट्ट्यात खोवलेली आहेत, त्यांच्या पितळेवर हिरवं धरलंय. बाकीची पत्र्याखालच्या माळ्यावर, लाकडी पेटीत. शेजारच्या खोलीत युरियाच्या गोण्या असतात.

यातली कोणती ठेवावी, कोणती जमा करावी? आणि नवीन घेतली तर १०-१५ वर्षं नीट राहतील अशी सोय घरच्या घरी कशी करायची? एक जण म्हणाला, कागदी काडतुसं दोन दिवस उन्हात ठेव, बरी होतील. हे खरं का?

तापीकाठ

भाऊ, आधी उन्हाचं. अजिबात ठेवू नका. का ते सांगतो.

काडतुसातली बिनधुराची दारू म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोज, काही प्रकारांत सोबत नायट्रोग्लिसरीन. ती बनल्या दिवसापासून अगदी सावकाश विघटत असते आणि त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. हे वायू शोषून घ्यायला कारखान्यात डायफेनिलअमाइनसारखं स्थिरक घालतात, साधारण एक टक्क्याच्या आसपास. ते शिल्लक आहे तोवर दारू शांत. ते संपलं की सुटलेलं आम्लच पुढचं विघटन वाढवतं आणि मग घसरण झपाट्याने होते. म्हणून काडतुसाचं आयुष्य म्हणजे खरं तर त्या स्थिरकाचं आयुष्य.

आणि ते वर्षांवर कमी, तापमानावर जास्त ठरतं. ढोबळ हिशोब असा की दर १० अंशांना विघटनाचा वेग दुप्पट होतो. २५ अंशांवर ठेवलेल्या काडतुसाच्या मानाने ४५ अंशांवरचं चौपट वेगाने म्हातारं होतं, ५५ वर आठपट. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीतच ४५ च्या पुढे पारा जातो. पत्र्याखालचा माळा ५० सहज ओलांडतो. त्यामुळे तुमच्या माळ्यावरची १० वर्षं आणि थंड खोलीतली १० वर्षं एक नव्हेत. बरेच उत्पादक नीट ठेवल्यास १० वर्षं सांगतात, प्रत्यक्षात थंड-कोरड्या जागी काडतुसं कित्येक दशकं चालतात. दुसऱ्या महायुद्धातली ३०३ रायफलची काडतुसं आजही उडतात ती यामुळेच.

जागा निवडताना धाब्याचं घर असेल तर आतल्या खोलीसारखी उत्तम जागा नाही. मातीच्या जाड भिंतीमुळे दिवसरात्रीचा चढउतार कमी होतो, आणि चढउतार हाही शत्रूच आहे, कारण त्यानेच डब्यात दव धरतं. सिमेंटचं घर असेल तर खालच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत टाळून. फरशीवर ठेवू नका, पावसाळ्यात ओल वर चढते. खाली चार बोटं उंचीची फळी घाला. फ्रिजचा विचार मनातही आणू नका: बाहेर काढल्याबरोबर थंड पितळेवर पाणी जमतं.

बूडपितळ

तापीकाठ यांनी दारूचं सांगितलं, मी पितळेचं सांगतो. युरियाची गोणी हा या प्रश्नातला सगळ्यात मोठा धोका आहे आणि तोच सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

ओलसर युरियातून अमोनिया सुटतो. गोठ्यातल्या मुतारीतूनही तोच. ओढून आकार दिलेल्या पितळेत आत ताण साठलेला असतो. ओल आणि अमोनिया एकत्र मिळाले की त्या ताणाच्या जागी पितळ लांबीला चिरतं. इंग्रजी फौजेची भारतातली काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जात आणि न उडवता, नुसती पडल्या पडल्या तडकत. कारण पुरतं उलगडलं ते १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या कामातून. उपाय म्हणजे पितळ तापवून आतला ताण काढणं. फौजी काडतुसाच्या मानेवर, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद भागावर, निळसर-तपकिरी झाक दिसते ती याच तापवण्याची. म्हणून ३१५ ची मान भिंगाखाली उजेडात फिरवून बघा. केसाएवढी उभी चीर दिसली तरी ते काडतूस बाद. गोण्या दुसरीकडे हलवा, किंवा काडतुसं हलवा. भिंत एकच असली तरी नको.

आता चामडी पट्टा. चामड्यात कमावण्याचं आम्ल आणि मीठ राहिलेलं असतं, ते ओलीत पितळेला लागतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तोच हा प्रकार. पट्टा फक्त वापराच्या दिवशी. हिरवं कोरड्या सुती फडक्याने पुसा. पुसून साफ गेलं आणि खाली पितळ गुळगुळीत लागलं तर चालेल. नखाला खड्डे लागले, किंवा हिरवं प्रायमरच्या (बुडातली ठिणगी देणारी टोपी) कडेने आत शिरलेलं दिसलं, तर बाद.

चिंच, लिंबू, पितांबरी, अमोनिया असलेलं पॉलिश, यातलं काही लावू नका. प्रायमरच्या फटीत उरलं की आतून खातं. तेलही नको. पातळ तेल प्रायमरमध्ये झिरपून त्याला निकामी करतं, आणि तेलकट काडतूस रायफलच्या बोल्टवर, म्हणजे मागच्या सरकत्या अडसरावर, नेहमीपेक्षा जास्त दाब टाकतं.

यावल_शिवार

एवढं तर कुणी सांगितलंच नव्हतं. गोण्या आजच हलवतो. नवीन काडतुसांसाठी रबरी वायसर असलेला लोखंडी डबा मिळतोय, २० लिटरचा. सिलिका जेल किती टाकावं? आणि कागदी ३० चं काय करू?

कोरडा_डबा

जेलचा हिशोब करूनच सांगतो, कारण लोक दोन-चार पुड्या टाकून निर्धास्त होतात.

३० अंशांवर पूर्ण दमट हवेत घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. म्हणजे २० लिटरच्या डब्यातल्या हवेत फार तर ०.६ ग्रॅम. हवा हा प्रश्नच नाही. प्रश्न काडतुसांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचा आहे. ३०० ग्रॅम पुठ्ठा श्रावणात स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी धरून बसतो, म्हणजे ३०-३५ ग्रॅम. सिलिका जेल मध्यम दमटपणात स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी घेतं. तेव्हा पावसाळ्यात डबा भरला तर १०० ग्रॅम जेलही अपुरं. तोच पुठ्ठा एप्रिलमध्ये जवळजवळ वाळलेला असतो.

म्हणून डबा भरायचा तो चैत्र-वैशाखात, दुपारी, हवा कोरडी असताना. आपल्या उन्हाळ्याचा एवढा एक फायदा घ्या. रिकामी खोकी आणि जेल डब्याशेजारी सावलीत दिवसभर उघडी ठेवा. जेल भरण्याआधी भट्टीत ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून, थंड करून, सुती कापडाच्या पिशवीत घाला. १०० ग्रॅम पुरे. नारिंगी जातीचं घ्या, ते ओलं झालं की हिरवं होतं. निळ्यात कोबाल्ट असतं, घरात मुलं असतील तर नकोच. पिशवी काडतुसांना टेकवू नका.

डब्याचं सील तपासायला वायसर आणि झाकण यांमध्ये कागदाची पट्टी धरून बंद करा आणि ओढा, चारही बाजूंनी. कुठे सहज सुटली तर तिथून हवा जाते. वायसरला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. भुसावळच्या आयुध निर्माणीत दारूगोळ्याचे डबे-पेट्याच बनतात; पेटीला किती महत्त्व आहे ते यावरून समजा.

काडतुसं मूळ खोक्यातच राहू द्या. लॉट नंबर आणि महिना-वर्ष कागदावर लिहून डब्यात आणि बाहेर, दोन्हीकडे. दोन लॉट एकत्र करू नका. एका लॉटमध्ये दोष निघाला तर तेवढाच बाजूला काढता येतो. डबा वर्षातून एकदाच, पुन्हा उन्हाळ्यात उघडायचा. बंदूक वेगळ्या कुलपात, काडतुसं वेगळ्या.

दुनळी_दुरुस्ती

कागदी काडतुसांचं माझ्याकडून घ्या. वर्ष माहीत नाही, माळ्यावर होती, पत्रा होता. ३० ची ३० जमा करा, असंच माझं मत आहे. कारणं सांगतो.

कागद ओलीने फुगतो. बारा बोअरचा चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, तोंडाकडे साधारण २०.३ मिमी असतो. व्हर्नियरने मोजलं तर फुगलेलं काडतूस याच्या वर भरतं आणि अर्ध्यात अडकतं. उन्हात वाळवलं की कागद आक्रसतो, तोंडाची घडी सैल होते, वरचं पुठ्ठ्याचं झाकण हलतं, दारूवरचा दाब जातो. मग ती नीट पेटत नाही, बार फुसका निघतो. म्हणजे उन्हाने दारूचं आयुष्यही घटलं आणि काडतूसही बिघडलं.

फुसका बार हीच सगळ्यात वाईट गोष्ट. आवाज दबका आला, धक्का कमी बसला, तर वॅड (दारू आणि छर्रे यांमधली चकती) नळीत अडकलेला असू शकतो. पुढचा बार मारला की नळी फुगते किंवा फाटते. लगेच थांबायचं, काडतूस काढायचं आणि मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का ते बघायचं. नुसता टिक आवाज होऊन काहीच झालं नाही तर नळी निर्धोक दिशेला तशीच धरून किमान ३० सेकंद थांबा, बंदूक लगेच उघडू नका. जुना प्रायमर उशिरा पेटू शकतो.

काही लोक म्हणतील पाच उडवून बघ, पाचही उडाली तर लॉट चांगला. हा हिशोब फसवा आहे. लॉटमध्ये दहात एक खराब असलं तरी पाचही नीट उडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. तेव्हा ५ वरून फारसं काही कळत नाही.

अजून एक, विचारलं नसलं तरी: जुन्या दुनळ्यांचे चेंबर बहुधा ६५ मिमीचे असतात. ७० मिमीचं काडतूस त्यात बसतं, कारण लिहिलेली लांबी तोंड उघडल्यानंतरची असते. पण उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. नवीन घेण्याआधी चेंबर मोजून घ्या.

३१५ जुनी असतील तर प्रायमर क्लोरेटचा असू शकतो. उडवल्यावर नळीत मीठ उरतं, आणि रॉकेलने मीठ विरघळत नाही. आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल.

सातपुडा_पायथा

माझ्याकडे पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. तिच्या काळ्या दारूलाही हेच नियम का?

तापीकाठ

नाही दादा, ती वेगळी. सोरा, कोळसा, गंधक यांचं मिश्रण आपसूक विघटत नाही. कोरडं राहिलं तर पिढ्यान्‌पिढ्या तसंच. पण ठिणगीला फार हळवं. ओलं होऊन गोळे झाले तर तव्यावर वाळवणं, फोडणं, चाळणं, यातलं काही करायचं नाही. ओल येऊन गेलेल्या दारूतला सोरा वेगळा झालेला असतो, वाळवून ती पूर्ववत होत नाही. टोप्या वेगळ्या डबीत, वेगळ्या कप्प्यात.

यावल_शिवार

ठरलं. कागदी सगळी आणि खड्डे पडलेली जमा. जमा करायची पद्धत?

दुनळी_दुरुस्ती

विहिरीत टाकणं, पुरणं, चुलीत घालणं, उकलून दारू काढणं, यातलं काहीही नाही. घरी काडतूस पुन्हा भरणं हेही विनापरवाना उत्पादनात मोडतं. परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस ठाणं. आधी लेखी अर्ज द्या: बोअर, नग, लॉट, आणि 'जुनी, वापरास अयोग्य' असा शेरा. त्यांनी सांगितलेल्या दिवशी, लायसन सोबत घेऊन, बंदुकीशिवाय जा. नगवार पावती घ्या आणि लायसनवरच्या नोंदीतून तेवढी वजा करून घ्या. नोंद तशीच राहिली तर नूतनीकरणाच्या वेळी हिशोब जुळत नाही.

निवडणुकीत हत्यार जमा करायला सांगतात तेव्हा काडतुसंही द्यावी लागली तर हाच सीलबंद डबा, आत जेलची पिशवी, वर यादी चिकटवून द्या. परत मिळाल्यावर जेलचा रंग बघा. हिरवं झालं असेल तर डबा उघडा राहिला होता. एकेक काडतूस पुसून, मान आणि प्रायमर तपासूनच पुन्हा भरा.