गेम कंपन्यांनी आपल्याला सवय लावली का मीच म्हातारा झालोय?

अर्धीसेव्ह
परवा एक नवा गेम घेतला, नाव नको. डाउनलोड संपतोय तोच वर आणखी भलामोठा डे वन पॅच (पहिल्याच दिवशीचं दुरुस्तीचं अपडेट), मग कंपनीचं वेगळं अकाउंट उघडा, मग मेनूत आधी दुकान आणि नंतर "खेळा". दुसऱ्याच मिशनला आपला हीरो जमिनीतून थेट पाताळात. आणि मी काय केलं, तर सेव्ह लोड केलं नि मनात म्हटलं, होईल दोन-तीन पॅचमध्ये नीट. मग ट्यूब पेटली, अरे पैसे तर पूर्ण मोजलेत! दहा-बारा वर्षांपूर्वी मी शिव्या घातल्या असत्या. हे आपल्याकडून करवून घेतलंय की आपणच करून घेतलं? "मग नको खेळू" वाल्यांनी कृपया पुढे जावं.

चिलखतवाला
करवून घेतलंय, पण एका झटक्यात नाही. २००६ ला ऑब्लिव्हियन या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला काढलं तर लोकांनी धुतलं होतं. आज एका स्किनला, म्हणजे पात्राच्या नुसत्या नव्या रूपाला, वीस डॉलर मागतात आणि आपणच म्हणतो, "कॉस्मेटिकच आहे ना". हे "च आहे ना" कुठून आलं बघ. २०१७ ला बॅटलफ्रंट २ या गेममध्ये ईए कंपनीने मोठे हीरो लॉक ठेवले, लूट बॉक्समधून (आत काय निघेल ते नशिबावर असलेली पेटी) ताकद विकली, एवढी बोंब झाली की रेडिटवरच्या त्यांच्या उत्तराला सहा लाखांवर डाउनव्होट पडले आणि रिलीजच्या तोंडावर आतली खरेदी बंद करावी लागली. सगळे खूश, जिंकलो म्हणून. मग जिकडेतिकडे बॅटल पास (पैसे भरून, खेळत जाऊन टप्प्याटप्प्याने बक्षिसं मिळवायची) आले आणि ते आपल्याला सभ्य वाटले, का तर तुलना लूट बॉक्सशी! शंभर सांगायचे, ओरडा झाला की साठवर यायचं, मुळात वीसच होते हे गिऱ्हाईक विसरलेलं असतं.

बगोबा
मी काही वर्षं टेस्टिंगला होतो, तेवढंच बोलतो. तू जमिनीतून पडलास तो बग बहुतेक लिस्टमध्ये असणार. त्याला आम्ही "नोन शिपेबल" म्हणायचो, म्हणजे माहितीये पण जाऊ दे. तारीख ठरलेली, जाहिराती सुटलेल्या, तिमाहीचे आकडे दाखवायचेत, मग तारीख हलत नाही, यादी हलते. जुने गेम काही धुतल्या तांदळासारखे नव्हते हां, पण डिस्क एकदा छापली की संपलं, म्हणून गेम अडकवणारे बग आधी मारायची धडपड असायची. पॅचमुळे ती भीती गेली.

आणि मला खरा राग येतो तो "कमबॅक"च्या कौतुकाचा. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० ला आला, आठवड्याभरात सोनीने स्टोअरवरून काढला, परत यायला जून २०२१ उजाडला. आज त्याच गोष्टीवर "कसा उठून उभा राहिला" असे तासाभराचे व्हिडिओ. अरे, जे पहिल्या दिवशी द्यायचं ते नंतर दिलं! पुढच्या मॅनेजरने यातून काय घ्यायचं?

प्रीऑर्डरपीडित
कंपन्यांना किती झोडायचं, आपण पण महान आहोत. २००९ ला मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये डेडिकेटेड सर्व्हर (ऑनलाइन सामन्यांसाठी वेगळे राखलेले सर्व्हर) नाहीत म्हणून स्टीम या पीसी गेमच्या दुकानावर बॉयकॉटचा ग्रुप निघाला, आणि गेम आला त्या दिवशी ग्रुपातले निम्मेशिम्मे तोच गेम खेळताना दिसत होते, त्याचा स्क्रीनशॉट अजून फिरतो 😂
उलट मे २०२४ ला हेलडायव्हर्स २ मध्ये पीसीवाल्यांना पीएसएन, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशनचं, अकाउंट सक्तीचं केलं तेव्हा लोकांनी निगेटिव्ह रिव्ह्यूंचा पाऊस पाडला, रिफंड मागितले, आणि सोनीने काही दिवसांत माघार घेतली. म्हणजे गोष्ट अंगवळणी पडायच्या आत नडलं तरच काहीतरी होतं. बॅटल पासवर आता ओरडून काय उपयोग.

अर्धीसेव्ह
@बगोबा हे "नोन शिपेबल" वाचून बीपी वाढलं राव. अजून एक आठवलं, मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या रेकमेंडेड स्पेक्समध्ये १०८०पीला ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) "फ्रेम जनरेशन चालू करून", म्हणजे मधल्या फ्रेम अंदाजाने भरून, असं लिहिलं होतं, आणि मी ते वाचून नुसतं ठीकाय म्हटलेलं. मला स्वतःचंच आश्चर्य वाटतंय.

बरं, रिफंड टाकायला गेलो होतो. स्टीमची मर्यादा दोन तासांची, माझे भरलेत २ तास ४० मिनिटं. त्यात पाऊण तास तर शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) कंपाईल होत होते, मी समोर बसून टक्के मोजत होतो.